अब्लाच्या मुलीचा अर्धा डोंगर

होहोए गावाच्या रेडिओवर मी यंत्रं सांभाळतो आणि काचेपलीकडे अब्ला बोलते. वर्षानुवर्षं हेच चाललंय. तिचा सकाळचा कार्यक्रम लागला की बाजारातल्या बायका गिऱ्हाइकाला म्हणतात, "थांब गं जरा, दाव्ही अब्ला काय विचारतेय ते ऐकू दे." दाव्ही म्हणजे ताई. सगळ्या गावाची ती ताईच.

प्रश्न विचारणं हा तिचा धंदा आणि खोडही. एकदा राजधानीतून, अक्राहून, एक बडे पाहुणे आले होते. शेतीवर तासभर बोलायची तयारी करून आले होते बिचारे. अब्लाने पहिलाच प्रश्न टाकला, "सकाळी काय खाल्लंत?" ते म्हणाले, भात. "कुठला तांदूळ?" पाहुण्यांना माहीत नव्हतं. मग तिने थेट कार्यक्रमातच हॉटेलच्या स्वयंपाक्याला फोन लावला. तांदूळ निघाला परदेशी. आमच्या डोंगरापलीकडे एवढा भात पिकतो, आणि पाहुण्यांच्या ताटात तो नाही! त्या दिवशी फोन वाजायचे थांबेनात.

अशी ही बाई एका प्रश्नापाशी मात्र अडकली. तो प्रश्न तिच्या घरातला होता.

तिची मुलगी एनाम शाळेच्या मोठ्या परीक्षेत जिल्ह्यात वरच्या नंबरात आली. आमच्या गावाबाहेरच्या उच्च शाळेत एक खास तुकडी आहे. अभ्यासक्रम बाहेरच्या देशांत चालणारा, निबंध, प्रयोग, प्रकल्प, सगळंच भारी. घोकून पास व्हायची सोय नाही. लोकांनी त्या तुकडीचं नाव ठेवलंय अफाजा, आमच्या डोंगरावरून. कुणाचं पोर तिथे गेलं की म्हणतात, "चढलं बाबा अफाजावर." कुणी मधूनच सोडलं की म्हणतात, "घसरलं." मुख्याध्यापकांनी स्वतः फोन करून सांगितलं, एनामसाठी जागा आहे, शाळा उघडायच्या आत कळवा.

दुसऱ्या दिवशी अब्ला स्टुडिओत आली ती रिकाम्या हातांनी.

"अगं, बोफ्रोट तरी आणायचे!" मी म्हटलं. गोड काही मिळायची वेळ आली की आमच्याकडे बोफ्रोटच आठवतात, पिठाचे तळलेले गोड गोळे.

"एफो सेन्यो," ती म्हणाली. मी वयाने मोठा, म्हणून मला ती एफो म्हणते, दादा. "सगळे मला अभिनंदन म्हणतायत. हे पोरीला झेपेल का, असं एकानेही विचारलं नाही."

"कोजो काय म्हणतो?"

कोजो तिचा नवरा. तेमाच्या बंदरावर क्रेन चालवतो, महिन्यातून एकदा घरी येतो.

"ते म्हणाले, 'विचारायचं काय त्यात? घाल.' मी म्हटलं, एनामचे बाबा, क्रेनला माल लावायच्या आधी वजन बघता की नाही? तर म्हणाले, 'माझी पोर म्हणजे माल आहे का?' आणि फोन ठेवला."

मग अब्लाने तिला जमतं तेच केलं. विचारत सुटली.

आधी ती डिलाइटकडे गेली. मोठ्या रस्त्यावर औषधांचं दुकान आहे ते तिचं. डिलाइट अफाजातून पार झालेली. ती म्हणाली, "दाव्ही, तिथे मी दोन गोष्टी शिकले. कमी झोपायचं, आणि मला माहीत नाही असं न लाजता म्हणायचं. दुसरी अजून उपयोगी पडते. पहिलीने डोळ्यांखाली ही काळी वर्तुळं दिली, बघा."

मग ती ब्राइटकडे गेली. तो घसरलेला. आता कोकोची रोपवाटिका चालवतो, चांगली चालवतो. अब्लाने विचारलं, "अभ्यास जड गेला का रे?"

"अभ्यास नाही, दाव्ही. घर जड गेलं. मी अफाजात गेलो आणि घरातले माझ्याशी दुसरं काही बोलेनातच. सकाळी उठलो की अभ्यास, जेवायला बसलो की अभ्यास. माझ्या कुत्रीला पिल्लं झाली ती मला तिसऱ्या दिवशी कळली. नाव माझं ब्राइट, पण घरात उजेड राहिला नव्हता." आणि हसला तो. अब्ला मात्र हसली नाही, असं तिनेच मला सांगितलं.

तिथवर ठीक होतं. पण पुढे तिने तो प्रश्न कार्यक्रमातच घेतला. नाव न घेता म्हणाली, "एका आईला असं कोडं पडलंय..." मी काचेमागून हात हलवून नको नको म्हणत होतो, पण तिचं लक्षच नव्हतं.

फोन सुरू झाले. एक म्हातारे म्हणाले, "बकरी विकत घेतानाही माणूस तिला चालवून बघतो. पोरीला चालवून बघा की!" एक बाई म्हणाल्या, "माझ्या भाच्याला घातलं, तो आता आमच्याशी इंग्रजीतच भांडतो." एक जण म्हणाला, "दाव्ही, ही आई कोण ते आम्हाला कळलंय, पण आम्ही सांगणार नाही." सगळं गाव हसलं असणार.

एनाम हसली नाही. कार्यक्रम संपायच्या आत ती स्टेशनवर हजर. उंच, सडपातळ पोर, शाळेच्या नियमाप्रमाणे केस बारीक कापलेले. लाल दिवा विझल्याबरोबर आत घुसली.

"सगळ्या होहोएला विचारलंस! बकरीवाल्या आजोबांनासुद्धा!"

"अगं, नाव कुठे घेतलं मी?"

"नाव घ्यायला हवं होतं का? येताना रस्त्यात तिघांनी मला 'बें' केलं!"

अब्ला ओशाळली. मग म्हणाली, "बरं, चुकलं. आता तुला विचारते. तुला काय वाटतं?"

"मला काय माहीत! मी कुठे गेलेय तिथे?"

"मग मी तरी कुणाला विचारू?"

मी मधे पडलो. म्हटलं, आजोबांचं काही चुकलं नाही. चालून बघा.

सुट्टीत त्या शाळेत जादा तास चालायचे. तिथल्या मिस जिग्बोर्दी नावाच्या बाईंनी एनामला आठवडाभर येऊन बसायची परवानगी दिली. अब्लाने लगेच विचारलं, "मी पण बसू?" बाई म्हणाल्या, "बसा. पण मागच्या बाकावर, आणि गप्प." कार्यक्रमासाठी थोडं ध्वनिमुद्रण करायचं म्हणून मीही गेलो. पुढचं मी डोळ्यांनी बघितलं.

त्या तुकडीत एक वेगळाच तास असतो. त्यात नवीन काही शिकवत नाहीत. आपल्याला जे माहीत आहे ते कशावरून, एवढंच खोदत बसायचं. मिस जिग्बोर्दींनी आमच्याच रेडिओवरची बातमी वाजवून दाखवली. अब्लाचा आवाज, "उद्या दुपारनंतर पावसाची शक्यता." बाईंनी विचारलं, "या बाईंना हे कुणी सांगितलं?"

सगळा वर्ग मागे वळला. गप्प बसायचं ठरलेली अब्ला उभीच राहिली. "अक्राच्या हवामान खात्याने."

"त्यांना?"

"त्यांच्या यंत्रांनी."

"यंत्र चुकलं तर तुम्हाला कळतं का?"

"पाऊस नाही पडला की कळतं!"

"मग पडायच्या आधी तुम्ही कशाच्या जोरावर सांगता?"

अब्ला निरुत्तर झालेली मी पहिल्यांदा बघितली, आणि चेहरा कसा, तर जत्रेत आलेल्या पोरासारखा. नंतर मुलं वाद घालत होती तेव्हा ती बाकावर बसल्या बसल्या पुढे सरकत होती.

एनाम तिच्या दोन बाक पुढे होती. तिने एकदाच हात वर केला. "मिस, पण याचं बरोबर उत्तर काय?" मुलं हसली. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "ते मलाही हवंय."

त्या दिवशी दिलेला निबंध एनामने घोटून लिहिला, नेहमीसारखा. तो परत आला तेव्हा तिला आयुष्यात कधी मिळाले नव्हते इतके कमी गुण होते. बाई तिला म्हणाल्या, "यातलं सगळं बरोबर आहे, एनाम. पण यात तू कुठेच नाहीस."

घरी जाताना आम्ही तिघं चालत होतो. अब्ला बोलत होती, थांबतच नव्हती. काय तास, काय बाई, काय ती मुलं! आपल्या वेळी असं असतं तर! एनाम रस्त्याकडे बघत चालली होती. चर्चच्या कोपऱ्यावर ती म्हणाली, "आई, तूच घे ना प्रवेश."

अब्ला थांबलीच.

दुसऱ्या दिवशी तिने मला सांगितलं, "एफो, कळलं मला. ती तुकडी माझ्यासाठी आहे. मला आवडली म्हणून मी पोरीला तिच्यात बसवायला निघाले होते. मी नाही म्हणून कळवणार."

मला वाटलं, झालं, संपलं. पण एनामला तिने हे सांगितलं तेव्हा ती उसळली. "आधी मला न विचारता हो म्हणणार होतीस, आता मला न विचारता नाही? आठवडा संपायचाय अजून."

मिस जिग्बोर्दींनी तिला निबंध पुन्हा लिहायला सांगितला होता. विषय तिचा, अट एकच. जे माहीत नाही त्यावर लिहायचं. एनाम दोन दिवस चिडलेली होती. मग घरामागच्या भिंतीवर बसायला लागली. आमच्याकडे भिंतीभिंतीवर सरडे असतात, नारिंगी डोक्याचे, सारखे माना हलवणारे. लहानपणी आम्ही म्हणायचो, ते देवाला हो हो म्हणतात. एनाम त्यांच्याकडे बघत बसली. दुपारच्या उन्हात, डोक्यावर टॉवेल टाकून. अब्लाने मक्याच्या पिठाचं आक्प्ले वाढून जेवायला हाक मारली तर म्हणाली, "आक्प्ले झाकून ठेव. आत्ता दुसरा नर आलाय."

निबंधात तिने लिहिलं की दुसरा नर भिंतीवर आला की पहिला जास्त जोरात मान हलवतो, मादी आली की वेगळी हलवतो, आणि कुणीच नसलं तरी अधूनमधून हलवतो. हे शेवटचं का, ते मला कळलं नाही, असं लिहून तिने निबंध संपवला. गुण मध्यमच मिळाले. पण खाली बाईंनी तीन प्रश्न विचारले होते, आणि त्यांची उत्तरं शोधायला एनाम पुन्हा भिंतीवर चढली.

आठवडा संपला तेव्हा ती आईला म्हणाली, "मला सगळा अफाजा नको. तो कशावरून-कशावरूनचा तास तर मुळीच नको, माझं डोकं उठतं. पण जीवशास्त्र मला त्यांचंच हवंय. आणि गणित, कारण बाई म्हणाल्या त्याशिवाय पुढे सरडे मोजता येणार नाहीत. बाकीचे विषय साध्या तुकडीत."

"असं अर्धं चालतं का?"

"विचार की. तू सगळ्यांना विचारतेस."

अब्लाने मुख्याध्यापकांना विचारलं. ते खुर्चीत मागे रेलले आणि म्हणाले, "चालतं. नियमात पहिल्यापासून आहे. पण दाव्ही, कुणी मागितलंच नाही कधी. इथे येणाऱ्या प्रत्येकाला शिखरच हवं असतं."

कोजोला हे अजिबात पटलं नाही. सुट्टीवर आला तो फुगूनच. "अर्धा डोंगर! बंदरावर मित्रांना काय सांगू? माझी मुलगी मधल्या दगडावर बसलीय म्हणून?"

"बाबा," एनाम म्हणाली, "मधल्या दगडावरच सरडे असतात."

कोजो हसू दाबत अंगणात गेला.

सोपं गेलं नाही काही. दुसऱ्या वर्षी गणिताने तिला रडवलं. एक वेळ आली की ती म्हणाली, सोडते. अब्लाने त्या वेळी सल्ला दिला नाही, कार्यक्रमात तर नावही काढलं नाही. ब्राइटचं बोलणं तिच्या मनात होतं. ती एनामला रोपवाटिकेत घेऊन गेली आणि दोघी दिवसभर ब्राइटला पिशव्यांत माती भरू लागल्या. शाळेचं कुणीच बोललं नाही. सोमवारी एनाम आपणहून गणिताच्या तासाला गेली. जीवशास्त्रात ती पुढे चमकली, गणितात जेमतेम निघाली. आता ती कुमासीच्या विद्यापीठात शिकते, प्राण्यांविषयीच काहीतरी. वर्गात पहिली वगैरे नाही. सुट्टीत येते तेव्हा काळी पडून येते, दिवसभर रानात असते म्हणून.

आणि तो नको असलेला तास? दर शुक्रवारी अब्ला मिस जिग्बोर्दींच्या मागच्या बाकावर जाऊन बसते. हवामानाच्या बातमीत ती हल्ली म्हणते, "अक्राचं म्हणणं असं आहे की उद्या पाऊस पडेल." श्रोत्यांना वाटतं, दाव्हीचं अक्राशी काहीतरी बिनसलंय.

कोजोचं विचाराल, तर तेमाच्या बंदरावर तो आता सगळ्यांना सांगतो, अर्ध्या डोंगराची कल्पना मूळ त्याचीच.