शेवळाच्या भाजीत त्या दिवशी काय होतं

आमच्या घराण्यात पदवी घेतलेला पहिला माणूस मी. ती पदवी शेवळाच्या भाजीवर वापरणारा तर सबंध जव्हार-मोखाड्यात बहुधा मी एकटाच.

मी नऊ वर्षांचा असताना आमचे गुरुजी एका दुपारी दाभोशाजवळच्या आमच्या पाड्यावर आले होते. मुलाला वसतिगृहात पाठवा, पुढे शिकू द्या, एवढंच वडिलांना सांगायला. जेवून गेले, आणि जाताना वडिलांचा होकार घेऊन गेले. आज मी जव्हारच्या एका कचेरीत पंख्याखाली बसून फायली हलवतो, तो त्या होकारामुळे. गुरुजी निवृत्त होऊन सोलापूरकडे आपल्या गावी गेले. परवा जूनच्या सुरुवातीला त्यांचा फोन आला, "दोन दिवस येतोय. तुझ्या आईनं वाढलेली ती शेवळाची भाजी मी अजून विसरलेलो नाही. होईल का?"

मला आभार मानता येत नाहीत. मानायला गेलो की मी भलतंच काहीतरी बोलतो. म्हटलं, यावेळी भाजीच बोलेल. फक्त ती त्या दिवशीचीच, तंतोतंत तशीच हवी.

शेवळं म्हणजे जंगलात जमिनीतून वर येणारे जांभळट कोंब. नीट साफ केले नाहीत किंवा आंबट कमी पडलं, तर घशाला अशी खाज सुटते की माणूस वेडा होतो. एवढ्यावर सगळ्यांचं एकमत. पुढचं काहीच जुळत नाही. आई पाड्यावरून जीपने शेवळं घेऊन आली, ती म्हणाली, "काकडाचं आंबट फळ कुटून घालायचं. दुसरं काय घालतात?" माझी बायको मोखाड्याची. ती म्हणाली, "आमच्याकडे चिंचेचा कोळ. शिवाय वाल." शेजारच्या चाची, ज्यांच्या घरात आम्ही भाड्याने राहतो, त्या दारातूनच म्हणाल्या, "सोडे नाहीत तर ती भाजी कसली बेटा? नुसती घासफूस आहे, घासफूस."

"पण त्या दिवशी काय घातलं होतंस?" मी आईला विचारलं.

"आता काय आठवतंय," म्हणून तिने तोंड फिरवलं. मला ते तेव्हाच कळायला हवं होतं.

पण मी इतिहासाचा पदवीधर. त्याच आठवड्यात मोबाइलवर अमेरिकेतल्या गंबो नावाच्या कालवणाबद्दल वाचलं होतं. ते दाट करायला भेंडी हवी, की रानातल्या पानांची पूड, की तेलात परतलेलं पीठ, टोमॅटो चालतो की बाटवतो, यावर तिकडे घराघरांत भांडणं. भेंडी आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांची, पानांची पूड तिथल्या मूळ आदिवासींची, पीठ परतणं फ्रेंचांचं. नावसुद्धा म्हणे आफ्रिकेतल्या भेंडीच्या नावावरून पडलं. वाचून माझे डोळे पाणावले. वाटलं, आपलं शेवळं काय कमी आहे?

मी वही काढली. काकड जंगलातलं, म्हणजे मूळचं. चिंच दारातली, म्हणजे नंतरची. सोडे, म्हणजे सुकी कोळंबी, किनाऱ्यावरून बाजाराच्या वाटेने आलेले. मग निष्कर्ष काढला, की खरी भाजी ती, जिच्यात सगळ्यांचा वाटा असतो. थोडं काकड, थोडी चिंच, थोडे सोडे. कुणाचं मन मोडायला नको. शेवळाच्या आतला पिवळा भाग काढून टाकतात, तोही मी निम्मा ठेवला. जुनी माणसं काही वाया घालवत नसत, असं वहीत लिहून ठेवलं होतं.

"अहो, तो पिवळा..." बायको म्हणाली.

"अभ्यास झालाय माझा," मी म्हणालो. पदवी आणली त्या दिवसापासून आई माझ्यापुढे थोडी गप्पच असते, आणि त्याचा मी कायम गैरफायदा घेत आलोय.

गुरुजी आले, पाटावर बसले. मी आभाराचं वाक्य मनात जुळवत होतो. त्यांनी पहिला घास घेतला, दुसरा घेतला, खाकरले, तांब्याभर पाणी प्यायले आणि डोळे पुसत म्हणाले, "हीच! अगदी हीच भाजी!"

मी बायकोकडे विजयाने पाहिलं. मग स्वतः घास घेतला. घशात कुणीतरी कुसळं ओतल्यासारखं झालं.

"त्या दिवशीही अशीच खाजली होती," गुरुजी म्हणाले.

आईने पदर तोंडाला लावला. "तुम्ही न सांगता आलात ना गुरुजी. घरात काकडं नव्हती. तशीच शिजवली. मी म्हटलं, आता हे उठून जातात."

"कसा उठणार? ह्याचे वडील माझ्या ताटाकडे बघत होते. म्हणत होते, आमचं अन्न तुमच्या घशाखाली उतरायचं नाही, मग आमचं पोर तुमच्यात कसं राहील? मी दोनदा मागून घेतली. तिसऱ्यांदा मागितली तेव्हा ते म्हणाले, न्या पोराला."

चाची दारात हसत उभ्या होत्या, त्या पुढे येऊन आईजवळ टेकल्या.

"पण मग," मी खाकरत विचारलं, "आज मुद्दाम हीच का मागितलीत?"

"म्हटलं, एकदा तरी नीट झालेली खाऊन बघावी."

मला आभार मानायचे होते. तोंडातून आलं, "पिवळा भाग मी ठेवला." गुरुजींनी मान डोलावली, जणू जुन्या वहीतली माझी चूक सापडली होती. मग ताट पुढे करून म्हणाले, "वाढ अजून थोडी."

आईने पातेलंच उचललं. "नाय. तेव्हा खाल्लीत, पोराचं शिक्षण व्हायचं होतं. आता झालंय. बघताय ना?"

आत जाऊन तिने उरलेल्या शेवळांचं सूप पुढे ओढलं, पिवळा भाग नखाने काढत बसली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "काकडं आण. सगळी आण." मी आणून दिली. मग ती म्हणाली, "आता गुरुजींपाशी जाऊन बस."

मी बसलो. आतून चाचींचा आवाज आला, "थोडेसे सोडे तर घाल." आणि त्यावर आईचं, मला कधीच न म्हटलेलं, खणखणीत, "नाय!"