सगुणच्या मागचा लोड

गोव्यातल्या खाणी थांबल्या आणि सुर्ल्यात खनिजाचे ट्रक बंद पडले, पण सगुणमधला ड्रायव्हर काही बंद पडला नाही. पदेराची पाव विकायची जुनी सायकल घेऊन त्याने तिला ट्रकाचा आरसा बसवला, पुढे लिंबू-मिरची टांगली आणि वळणावर रिकाम्या रस्त्यालाही हात दाखवू लागला. आम्हा गावकऱ्यांना फुकटची करमणूक.

त्याची बायको रत्ना सावंतवाडीकडची. लहानपणापासून डावा पाय अधू, पण आवाज खणखणीत. देवळातल्या सोमवारच्या भजनाला जायची तिला भारी हौस. मग सगुणने भंगारातली लहान सायकल आणली, तिचे पुढचे चाक काढले आणि लोखंडी दांड्याने ती आपल्या सीटखाली जोडली. मागची सीट, हँडल, पेडल सगळे रत्नाचे. उजव्या पायाने ती पेडल मारी. रबरी पट्ट्यात अडकवलेला डावा पायही मग फिरे.

इथे ड्रायव्हरकी आड आली. पाठीमागे असेल तो लोड, हेच सगुणला आयुष्यभर ठाऊक. आरशात त्याला रत्नाचे तोंड दिसे, पाय दिसत नसत. टपरीवर छाती फुगवून तो सांगे, "चढ म्हणजे काय न्हय रे. लोड घेवन सरळ वयर जातां!"

आपल्याकडे कोणी बरे वागताना सापडला की त्याला शाल घातल्याशिवाय लोकांना चैन पडत नाही. पंच शिवदासने भजनाच्याच दिवशी देवळात सत्कार ठरवला. बॅनर लागला: 'पत्नीचा भार वाहणारा आदर्श पती'. फोटो सगुणचा. रत्नाचा त्यात फक्त एक हात होता, बाकीची कापून टाकलेली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. रत्नाने मात्र बॅनर नीट वाचला, अबोलीची वेणी माळली आणि मागच्या सीटवर जाऊन बसली.

शिवदासला व्हिडिओ हवा होता, म्हणून जोडप्याने सायकलवरूनच मंडपात यायचे ठरले. ढोल वाजू लागले. सायकल देवळाच्या चढाला लागली आणि अर्ध्यावर थांबली. सगुण पेडलवर उभा राहिला, मानेच्या शिरा ताणल्या, तरी सायकल मागेच घसरू लागली. लोकांनी धावत येऊन धरली. सगुणने आरशात पाहिले. रत्नाचे तोंड शांत. मग त्याने मान वळवून खाली पाहिले, तर तिचे पाय निवांत.

"पाय मार गो रत्ना! लोक बघतत!"

"इतके दिवस मारी होतंय, तेवा कोणी बघूक नाय."

शिवदास शाल घेऊन धावत आला. "वैनी, मारा गे पाय. पाहुणे खोळंबल्यात."

रत्नाने बॅनरकडे बोट दाखवले. "भार कदी पेडल मारता काय, शिवदास?"

सगुणचे तोंड उतरले. त्याने शिवदासच्या हातातली शाल ओढून घेतली, रत्नाच्या खांद्यावर घातली आणि म्हणाला, "चुकलंय गो."

रत्नाचे पाय फिरू लागले आणि सायकल वर गेली. त्या संध्याकाळी रत्ना भजनात अशी गायली की शिवदास भाषण करायचे विसरला.

सगुणचा आरसा अजून सायकलवर आहे. फक्त त्याने तो जरा खाली वळवून घेतला आहे.