डाव्या स्टिअरिंगची इटालियन

इंजिन उघडून परत बसवलं की दोन-चार नटबोल्ट उरतातच. कुठले ते कळत नाही, आणि फेकवतही नाहीत. आमच्या गाडीचे किस्से असेच उरलेले. आठवतील तसे सांगतो. क्रम चुकेल, माझं बरंच चुकतं.

गाडी इटालियन. दिसायला चार दारांचा खोका, पण बॉनेटखाली शर्यतीचं इंजिन. बायकामुलांना फिरवता यावं आणि घाटात हौसही भागावी, अशा गृहस्थांसाठी साठच्या दशकात काढलेली. तिकडे म्हणे पोलिसही हीच वापरत आणि दरोडेखोरही, म्हणजे पाठलाग बरोबरीत सुटत असणार! (खात्री नाही, कुठेतरी वाचलंय.) तारापूरच्या एका कारखान्यात मशिनरी बसवायला आलेला इटालियन इंजिनिअर ती इथेच सोडून गेला. पुढे कारखाना बंद पडला, गाडी भंगारात निघाली. आणि मी, एक पँट घ्यायला तीन दुकानं हिंडणारा माणूस, पाच मिनिटांत ती घेऊन बसलो!

"अहो, परत करता येते का, विचारा," एवढंच सुधा, माझी बायको, म्हणाली.

तेव्हापासून दर रविवारी बोईसरला सोसायटीमागच्या शेडमध्ये आमचं त्रिकूट जमतं. मी, धातुशास्त्रात पीएचडी करून निवृत्त झालेला. दामू तांडेल, सातपाटीला बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा. आणि सालवडचे मिश्राजी, लेथवर काम करणारे. यंदा सोसायटीने शेड पाडायचं ठरवलं. महिनाअखेर गाडी हलवा, नाहीतर भंगारवाला बोलावू, अशी नोटीस आली. माझी झोप उडाली. तशी ती एरवीही नसतेच.

✱

इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपाचा शाफ्ट तुटला तेव्हाची गोष्ट. इटलीहून मागवायचा तर महिने गेले असते. मिश्राजी म्हणाले, बनवून देतो. मी म्हटलं, आधी धातूचं पृथक्करण करू, कार्बन किती, क्रोमियम किती, दोन आठवडे लागतील.

मिश्राजींनी तुकडा व्हाइसवर आपटला, आवाज ऐकला.

"स्टील है, डॉक्टरसाब. बाकी आपकी डिग्री है!"

✱

स्टिअरिंग डावीकडे, त्यामुळे सुधा बसते उजवीकडे, जिथे इतरांचा ड्रायव्हर असतो. पुढचं तिलाच दिसतं. ती "जा" म्हणाली की मी ओव्हरटेक करायचा. एकदा मनोरपर्यंत आम्ही एका ट्रॅक्टरमागून गेलो, कारण सकाळीच आमचं भांडण झालं होतं!

मनोरला हवालदाराने अडवलं. थेट तिच्या खिडकीशी आला.

"बाई, लायसन्स."

"माझ्याकडे नाही."

"लायसन्स नाही आणि हायवेला गाडी चालवता?"

"दादा, मी चालवत नाही. मी फक्त ओरडते!"

✱

खाऱ्या हवेने गाडीचा तळ गंजायला लागला. मी गंजरोधक रसायनांवरचे अकरा शोधनिबंध काढले. वाचून संपेपर्यंत दामूने खालून सगळीकडे माशाचं तेल फासलं होतं.

"आमी बोटीला हेच लावतो. बोट काय पाण्यात नाय राहत?"

गंज थांबला. पण दुसऱ्या दिवशी गाडीखाली सात मांजरं! मी घाबरून दामूला फोन लावला.

"राहू द्या, डॉक्टरसाहेब. त्यांना गाडीची पारख हाय!"

✱

नोटिशीला आठवडा उरला तेव्हा मुंबईहून एक संग्राहक आले. भिंग, टॉर्च, आणि फाटकाबाहेर गाडी चढवून न्यायचा ट्रकही तयार. त्यांनी समजावलं, या गाडीचं मोल वेगावर नाही, मूळपणावर. जेवढं कारखान्यातून आलं तसं, तेवढी किंमत. शाफ्ट बघून त्यांनी तोंड वाकडं केलं.

"ओरिजिनल से अच्छा बनाया है!" मिश्राजी भडकले.

"तोच तर प्रॉब्लेम आहे!"

मला राहवलं नाही. मी दुरुस्त्यांची वही काढून त्यांच्या हातात दिली. प्रत्येक बदल, तारखेसकट.

"तुम्हाला कोणी विचारलं होतं का?" सुधा पुटपुटली.

तरीही इंजिनाचा आणि चासीचा नंबर जुळला, म्हणजे इंजिन मूळचंच. गृहस्थ म्हणाले, घेतो. सगळं मुळासारखं करून काचेच्या हॉलमध्ये ठेवू, एसीत.

"आनि चालवनार कवा?" दामूने विचारलं.

"चालवायची नाही. व्हॅल्यू जाते."

"मग फोटो घेऊन जा की!"

मला नाही म्हणायचं होतं. पण मी "बरं" म्हणालो. मी नेहमी बरंच म्हणतो.

माणसं गाडी ढकलायला आली, तर सुधा पर्स मांडीवर घेऊन आत बसलेली.

"काकू, उतरता का? ट्रकवर चढवायचीय."

"मी कशाला उतरू? वहीत बघा. पंप बदलला, सीट बदलली, रंग बदलला. पहिल्या दिवसापासून या गाडीत न बदललेली मी एकटीच आहे. ओरिजिनलच हवं होतं ना तुम्हाला?"

गृहस्थ माझ्याकडे बघायला लागले. मी वहीकडे.

"अहो, वाचताय काय? बसा, चालू करा!" सुधा ओरडली. "दामू, तुझ्या बोटीच्या शेडचं दार किती रुंद आहे रे?"

दामूने गाडीकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"वहिनी, बोट शिरते. तुमी शिराल!"