रिबकाआत्याचा मलिदा

रिबकाआत्या महाडच्या बाजारामागे आमच्या भिंतीला भिंत लावून राहायची. तिला आत्या म्हणायची ती आपली सवय, नातं काही नव्हतं. ती बेने इस्रायल, म्हणजे आपल्या कोकणातली ज्यू, आणि मी बौद्ध मास्तरीण. तिच्या नवऱ्याची, एलोजीची, तेलाची घाणी होती. ती शनिवारी कधी फिरायची नाही, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. पुढे गिरणीचं तेल आलं, घाणी बसली, एलोजीही गेला. त्यांच्यातली बाकीची घरं इस्रायलला निघून गेली. "तूही जा की," मी म्हणायचे. "मग तुझ्याशी भांडंल कोण गो, मंजुळे?" असं वर मलाच विचारायची. तोंडाची फटकळ, पण माझ्याइतकी नाही.

मटण तिनं सोडल्यातच जमा होतं. त्यांच्यात कोंबडं-बकरं त्यांच्याच माणसानं, प्रार्थना म्हणून कापावं लागतं, आणि तसा माणूस इथं उरलाच नव्हता. मासा घ्यायची तो खवलं बघून, बिनखवल्यांचा त्यांच्यात चालत नाही. कोळंबी, खेकडा उंबऱ्याच्या आत नाही. मासळीवाली साळूबाई टोपली उतरवायच्या आधीच ओरडायची, "रिबकाबाय, तुझ्या धर्माचा बोय आणलाय गो!" सगळ्या आळीला तिचा धर्म ठाऊक होता. शंका आली ती परक्यांना.

तिचा एकुलता एक मुलगा इसाजी. मुंबईला हॉटेलात आचारी झाला आणि तिथून कुणाच्या तरी ओळखीनं थेट बेल्जियमला, अँटवर्प नावाच्या जुन्या शहरात गेला. तिथं म्हणे ज्यूंच्या आळ्याच्या आळ्या, त्यांची प्रार्थनाघरं, त्यांच्या बेकऱ्या. जगभरचे ज्यू ते जुनं सगळं बघायला येतात आणि आपल्या धर्माचं जेवण मिळेल अशाच हॉटेलात उतरतात. तशा एका हॉटेलात इसाजी रांधायचा. तिथलीच एक मुलगी त्यानं पसंत केली. अठ्ठ्याहत्तरच्या थंडीत तो घरी आला, तो मुलीच्या चुलत्याला बरोबर घेऊन.

हा चुलता त्याच हॉटेलच्या स्वयंपाकघरावर देखरेख करणारा. दूध आणि मटण एका भांड्यात जात नाही ना, हे बघणारा. आणि महाडला कशाला आला? तर आत्या खरी ज्यू आहे की नाही ते बघायला! त्यांच्यात आई ज्यू असेल तरच मुलगा ज्यू. हिंदुस्थानातले हे सावळे ज्यू खरे कशावरून, असं मुलीकडची वडीलधारी म्हणत होती. त्याची खात्री पटली तर लग्न, आणि लग्नाला आत्यानंही जायचं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. आई बघायला येतात? बाजारातली म्हैस आहे का ती?

"गप बस," आत्या म्हणाली. "माझ्या पोराचं लगीन हाय. बघू दे काय बघायचं ते."

पाहुण्यानं स्वतःचं पातेलं, स्वतःचा स्टो आणि डबाबंद मासे बरोबर आणले होते. आत्याच्या हातचं पाणीसुद्धा घेईना. तिला ते लागलं, दिसत होतं. पण तिनं एक बोय न साफ करता तसाच ताटलीत ठेवून त्याच्यापुढे धरला, खवलं दिसावीत म्हणून. त्यानं वाकून बघितलं आणि पहिल्यांदा हसला. शुक्रवारी दिवेलागणीला तो प्रार्थना म्हणायला लागला, तर ही चुलीपासून तीच प्रार्थना म्हणाली, आपल्या कोकणी चालीत. तो थांबून ऐकत राहिला. शनिवारी तिनं चूल पेटवली नाही. सगळ्यांनी आदल्या दिवशीचं गारढोण खाल्लं, आणि पाहुण्यानं तिच्या हातचं केळं घेतलं. त्या दुपारी त्यानं आपलं सांगितलं. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी त्याची आई, बहिणी, सगळी आळीच्या आळी धरून नेली होती. कुणी परत आलं नाही. जे उरलंय ते जपायला हवं, म्हणून आपण इतके कडक, असं म्हणाला. इसाजी मराठीत सांगत होता आणि आत्या पदरानं डोळे पुसत होती. मलाही भरून आलं, खोटं कशाला बोलू?

एवढ्यावर थांबली असती तर! पण तिनं नवस बोलला होता, इसाजी सुखरूप आला तर मलिदा करीन. मलिदा म्हणजे गूळ-खोबरं घालून कालवलेले पोहे, वर फळं, शेजारी सब्जाची डहाळी आणि फुलं. त्यांचा एलियाहू हन्नाबी म्हणून पैगंबर, त्याचं नाव घेऊन तो करायचा. त्यांच्या घरात लग्न असो, पोर आजारातून उठो, मलिदा हवाच. "आता बघ," रविवारी सकाळी पोहे भिजवताना ती मला म्हणाली, "हे बघितलं की त्याला काय विचारायचं उरणार नाय." तिच्या लेखी याच्याहून ज्यू असं दुसरं काही नव्हतंच.

ताट मांडलं. पाहुणा आला, बघितलं, आणि त्याचा चेहरा उतरला. गूळ-पोहे, फुलं, उदाचा वास. त्याला तो सरळ नैवेद्य वाटला. त्यानं इसाजीला इंग्रजीत विचारलं, हे काय आहे? कोणत्या देवाला?

इसाजीनं एलियाहूचं नाव सांगायचं होतं. एवढंच. लहानपणी ते ताट पुढ्यात घेऊन हाच प्रार्थना म्हणायचा, मी ऐकलेली आहे. पण तो मान खाली घालून म्हणाला, "शेजारणींकडून शिकली ती. गावठी बाई आहे."

"काय म्हनला गो?" आत्यानं मला विचारलं.

मी सांगितलं. का लपवू?

पाहुणा मऊ आवाजात बरंच बोलला. वाईट माणूस नव्हता. म्हणाला, यावर उपाय आहे. आई आणि मुलगा, दोघांनी आमच्या शहरात विधीच्या पाण्यात बुडी घ्यायची, म्हणजे दोघंही रीतसर ज्यू. मग लग्नाला कुणाची हरकत नाही. इसाजीचा चेहरा एकदम उजळला. "एक बुडी तर घ्यायची, आये!"

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. अहो, या महाडात आमची माणसं तळ्याचं पाणी प्यायली म्हणून तळं शुद्ध करून घेतलेलं आहे! माझे सासरे त्या पिणाऱ्यांत होते. पुढे आम्ही धर्म बदलला तो आमच्या मर्जीनं, छाती पुढे काढून. कुणी घाण म्हणालं म्हणून धुऊन घेतलं नाही स्वतःला. मी हे सगळं सुनावणार, तेवढ्यात आत्यानंच हात वर केला.

"इसाजी, तू उतर पान्यात," ती म्हणाली. "तुझा संसार हाय, मी आड येनार नाय. पन मी नाय उतरायची. माझी आय ज्यू, तिची आय ज्यू. मी बुडी घेतली तर त्या दोघी खोट्या पडतील."

"आये, नुसतं पाणी तर आहे."

"तुला नुसतं पानी. ज्याची आय ज्यू नाय, त्यालाच ती बुडी, खरं ना? मंग तू उतरलास की मी तुझी कोन उरले?"

इसाजी रडला, पाया पडला, आणि गेला. त्यानं बुडी घेतली, लग्नही झालं. आत्या पुढे पाच-सहा वर्षं जगली. लग्नाचा फोटो आला तो तिनं भिंतीवर लावला, येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकानं दाखवला. मुलगी गोरीपान, हसरी होती.

"सून छान हाय गो तुझी," साळूबाई म्हणाली.

"इसाजीची बायको ती," आत्या म्हणाली, आणि टोपलीतला बोय उचलून खवलं बघायला लागली.