लाल धाग्याचे नऊ तुरे

निकानोराला चिखलाशी बोलायची सवय होती. हे मी कुचेष्टेने सांगत नाही. लांब काठीला बांधलेल्या पिशवीने कालव्याच्या तळातला गाळ उपसायचा, होडीत भरून काठावर आणायचा, सारवल्यासारखा पसरायचा, जरा आटला की सुरीने त्याच्या वड्या पाडायच्या, ही आमच्या तुल्येवाल्को गावातली राजगिऱ्याची रीतच आहे. प्रत्येक वडीत बोटाने खळगा करायचा, त्यात चिमटीभर बी आणि वर वाळल्या शेणाचा भुगा. पाऊस लागला की रोपासकट वडी उचलायची आणि तेउत्ली डोंगराच्या उतारावर नेऊन लावायची. सगळेच हे करतात. पण निकानोरा करताना पुटपुटत असायची, "हलू नकोस रे, झालंच आता," किंवा "तुला कोपरा मिळालाय, रुसू नकोस." तिचा नवरा मेलितोन होडीच्या टोकावर बसून हसायचा.

"माझ्याशी कधी इतकं गोड बोललीस का गं?"

"तुम्ही कधी चिखलाइतके गप्प बसलात का?"

मी फिदेन्सियो, त्यांचा शेजारी. माझ्या थोरल्या मुलीच्या बाप्तिस्म्याला निकानोराने तिला हातात धरलं आणि ती तिची धर्ममाता झाली, तेव्हापासून ती माझी कोमाद्रे, आणि मी तिचा, तसाच मेलितोनचाही, कोम्पाद्रे. हे नातं सख्ख्या नात्याहून जड असतं. लहानपणी एकमेकांच्या झिंज्या उपटलेले लोकसुद्धा त्यानंतर अहो-जाहो करू लागतात, आणि आम्ही तर चांगल्याच उपटल्या होत्या.

त्यांचं घर कालव्याच्या काठाला, दोन वाळुंजांच्या मध्ये. मागे अंगणात टर्की कोंबड्या, दोन डुकरं आणि एक म्हातारं गाढव. राजगिऱ्याचं त्या घरात काही म्हणून वाया जात नसे. विरळणी केलेली कोवळी रोपं मिरची घालून भांड्यात, खालची जून पानं कोंबड्यांना, कोंडा डुकरांना, चिरलेली ताटं गाढवाला, आणि गाढवाला दात उरले नव्हते म्हणून निम्मी माझ्या गाईला. दाणे मातीच्या तव्यावर टाकून ती छोट्या कुंच्याने फिरवायची. पांढऱ्या लाह्या तडतडत उडायच्या. मग गुळाच्या पाकात वड्या. त्या वडीला आमच्याकडे 'आनंद' म्हणतात. निकानोरा चौकात इतका लांब चेहरा करून आनंद विकते की गिऱ्हाईक दुखवट्याला आल्यासारखं उभं राहतं, असं मेलितोन म्हणायचा.

एक गोष्ट मात्र ती कुणाला करू देत नसे. पिकलेलं कणीस गुराच्या तोंडी जाता कामा नये. ते बी बारीक खरं, पण भारी चिवट. गाईच्या पोटातून फिरून त्यातलं काही जसंच्या तसं शेणात उतरतं, आणि ते शेण वड्यांवर पसरलं की नको तिथे नको ती रोपं उगवतात. एका वर्षी माझ्या मारिपोसाने कुठेतरी रानटी काळा राजगिरा खाल्ला आणि निकानोराच्या दोनशे वड्या बिघडल्या. मारिपोसा म्हणजे फुलपाखरू. आमचं हे फुलपाखरू गोठ्याच्या दारात अडकतं. निकानोरा कुंपणाशी येऊन म्हणाली, "कोम्पाद्रे, तुमच्या गाईने माझ्या आधीच पेरणी उरकली की हो!" तेव्हापासून शेण मागायच्या आधी ती गाईने काय खाल्लं ते विचारायची, जसं काही गाय तिच्याकडे जेवायलाच येणार होती.

मेलितोनचा नाद वेगळा होता. त्याला एक रोप हवं होतं. बुटकं, म्हणजे वाऱ्याने लोळणार नाही. आणि तुरा असा की पिकून वाळला तरी हात लागेपर्यंत दाणा सांडणार नाही. आमचा राजगिरा उंच वाढतो, आणि कापायला दोन दिवस उशीर झाला की निम्मा मातीत जातो. सोळा वर्षं तो दर सप्टेंबरात शेतातून हळूहळू फिरायचा आणि मनात भरलेल्या रोपाला आईच्या जुन्या कमरपट्ट्यातून उसवलेला लाल लोकरीचा धागा बांधायचा. ते बियाण्याचं रोप. त्याच्या घराण्यात एक कडक रिवाज होता: ज्या हाताने धागा बांधला त्याच हाताने तो सोडायचा आणि मगच कणीस कापायचं. दुसऱ्या कुणी सोडला तर बी फिरतं म्हणे. मी त्याला हसायचो, पण कधी धाग्याला हात लावला नाही.

सोळाव्या वर्षी ती रोपं आली. नऊ. कमरेइतकी, तुरे सोनेरी आणि गुलाबी यांच्या मधल्या कुठल्याशा रंगाचे, जड, खाली मान घातलेले. मेलितोनने मला ओढत वर नेलं आणि एकेक तुरा तळहातावर तोलून दाखवला. परतताना म्हणाला, "कोम्पाद्रे, पुढच्या वर्षी सगळ्या गावाला देतो यातलं."

त्यानंतर अकराव्या दिवशी तो गेला. सकाळी गाळ काढायला म्हणून होडी घेऊन गेला होता. धुकं होतं. होडी आपली आपण तरंगत घराशी आली आणि वाळुंजाखाली थांबली. तो टोकावर बसलेलाच होता, काठी मांडीवर. निकानोरा काठावरून त्याच्याशी बोलत राहिली. बराच वेळ बोलली, कारण तो गप्प आहे याचं तिला त्या दिवशी बरंच वाटलं होतं. हे तिनेच मला पुढे सांगितलं आणि सांगताना स्वतःचं तोंड हाताने दाबून धरलं.

कापणीला आम्ही सगळे गेलो. सगळं शेत मोकळं झालं आणि ते नऊ तुरे उभे राहिले. माझी बायको तोरिबिया विळा घेऊन पुढे झाली, तर निकानोराने तिचं मनगट धरलं.

"राहू द्या. ते येऊन सोडतील."

"कोमाद्रे, अहो, ते आता कुठून येणार?"

"दुपारी येतात. टोपी घालून बांधावर उभे राहतात. मोजतात."

"काही बोलतात?"

"नाही ना. तेच तर."

तोरिबियाने माझ्याकडे पाहिलं, मी डोंगराकडे पाहिलं. त्या दिवसांत ती जागेपणी अशी चालायची की जणू पायाखाली पाणी आहे. पण डोळ्यांपुढे जे होतं ते कुणालाही कळत होतं. त्या नऊ रोपांखेरीज मेलितोनच्या सोळा वर्षांचं जगात दुसरं काही उरलं नव्हतं. तुरे डिसेंबर लागला तरी दाणा धरून होते. ते थांबू शकत होते. किती दिवस, एवढाच प्रश्न होता.

त्याचं उत्तर मी दिलं. देवाने मला कधी क्षमा केली असेल तर मला कळवलेलं नाही.

निकानोराने मला सांगितलं होतं, "मारिपोसाला कापलेल्या ताटांच्या खुंटांवर सोडा चरायला. फक्त त्या नऊंवर डोळा ठेवा." मी डोळा ठेवला. दुपारी घायपाताची आंबट ताडी दोन घोट जास्त झाली होती, ऊन पांघरुणासारखं उबदार होतं, आणि घायपाताला टेकलो तर डोळा लागला. स्वप्नात जुनं तळं परत आलं होतं. पाणी डोंगराच्या पायथ्यापर्यंत, माझ्या आजाच्या वेळी होतं म्हणतात तसं. मेलितोन होडीत बसून लाल-सोनेरी तुरे एकेक करून पाण्यात सोडत होता, आणि पाणी ते चावून खात होतं, करकर, करकर. मी म्हटलं, "कोम्पाद्रे, पाण्याला दात कुठले?" तो म्हणाला, "ऐका तरी." मी ऐकलं, आणि जागा झालो.

मारिपोसा नऊ रोपं होती तिथे उभी होती. डोळे मिटून चावत होती. ओठावर लाल धागा लोंबत होता.

घरी तोरिबियाने मला दारातच धरलं. "जा, तूच जाऊन सांग. झोपायला तुला कुठेही जागा सापडते, आता तोंड लपवायला शोध!"

निकानोरा तव्यापाशी लाह्या भाजत होती. मी धागा पुढे केला आणि सांगितलं. तिच्या हातातला कुंचा थांबला. जन्मात जिने दाणा करपू दिला नव्हता तिच्या तव्यातून धूर निघाला.

"कणसांसकट?"

"हो."

"नऊच्या नऊ?"

"हो, कोमाद्रे."

तिने धागा उजेडात धरला. "गाठ तशीच आहे, कुणी सोडलेली नाही," ती म्हणाली. मला रडू फुटलं. मोठ्या माणसाला शोभणार नाही असं फुटलं. तिने तवा खाली उतरवला आणि एकदम विचारलं, "मारिपोसा कुठाय?"

"गोठ्यात. तुम्ही म्हणाल तर विकून टाकतो, कापून..."

"बाहेर सोडू नका तिला. आठ दिवस नुसती मक्याची वैरण घाला. दुसरं काडीसुद्धा नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती टोपली घेऊन माझ्या गोठ्यात आली. आठ दिवस, सकाळ-संध्याकाळ. शेणाचा एकही पो सोडला नाही. चटईवर वाळवलं, कपड्यात बांधलं, कोंबड्यांपासून दूर आढ्याला टांगलं. गावात बायका म्हणायच्या, बिचारीचा नवरा गेला तो डोकंही घेऊन गेला. मला वाटायचं, ही मला शिक्षा देतेय, आणि द्यावीच. आढ्याची ती गाठोडी पाहिली की मला तिच्या घरात बसवत नसे.

मे महिन्यात तिने मला होडी हाकायला बोलावलं. त्या वर्षी कालव्यात पाणी इतकं उतरलं होतं की होडीचं पोट तळाला घासत होतं. चारशे वड्या पाडल्या. खळगे केले. मी बियाण्याची वाटी पुढे केली तर तिने ती बाजूला सारली आणि गाठोडं सोडलं. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. इतका मठ्ठ मी.

"कोमाद्रे, उगवेल?"

"गाईने पेरलं तर नको तिथे उगवतं ना नेहमी? मग आता नखरे कशाला करेल?"

चौथ्या दिवशी काही नाही. पाचव्या, सहाव्या दिवशीही नाही. ती चिखलाशी बोलायची थांबली, आणि मला त्याचीच सगळ्यात जास्त भीती वाटली. मी रोज सकाळी जाऊन लांबूनच मान हलवून परत यायचो. आठव्या दिवशी धुक्यातून तिची हाक आली. धावलो. ती गुडघ्यांवर बसली होती, नाक चिखलाला टेकेल इतकी वाकून. चारशे वड्यांत तेवीस ठिकाणी केसासारखे लाल देठ वर आले होते.

"आलात?" ती हळूच म्हणत होती. "किती उशीर हो! मी किती बोलले तुम्हाला, त्या दिवशी काठावरून..." आणि मग ती रडली, त्या ऑक्टोबरापासून पहिल्यांदाच. मी टोपी काढून उभा राहिलो.

थोडी मोठी झाल्यावर नऊ रोपं रानटी निघाली. तिने ती उपटली आणि मिरची घालून मला खाऊ घातली. चौदा वर नेऊन लावली. त्यातली आठ उंच वाढली, आपली नेहमीसारखी. सहा कमरेपाशी थांबली आणि सप्टेंबरात त्यांच्या सोनेरी-गुलाबी तुऱ्यांनी खाली मान घातली. गावाला पुरायला अजून दोन-तीन वर्षं लागणार होती, पण बी आता हातात होतं.

त्याच सप्टेंबरात एके दिवशी ती मला शेतात घेऊन गेली. कमरपट्ट्याचा उरलेला तुकडा तिने उसवला होता. पहिल्या रोपाभोवती धागा फिरवला आणि एक टोक माझ्यापुढे धरलं.

"धरा."

"मी? कोमाद्रे, हे तुमच्या घरचं काम. आणि माझ्यासारख्या..."

"धरा म्हणते ना. दोघांनी बांधायचं यापुढे. एक गेला तरी दुसऱ्याला सोडता येईल."

माझी बोटं जाड, गाठ काही जमेना. तिने चिखलाशी बोलायची त्या आवाजात म्हटलं, "हलू नका हो, झालंच आता." सहा गाठी मारून होईपर्यंत दुपार झाली. बांधावर मारिपोसा दोन दोरांनी बांधलेली होती.