हातावरचं पुरळ

परदेशात, पामर्स्टन नॉर्थमध्ये मास्टर्स संपवून तिथल्याच एका छोट्या कंपनीत मी ग्राफिक्स प्रोग्रॅमर म्हणून लागले, ते २०१५ साल. नर्सिंगच्या विद्यार्थ्यांसाठी आम्ही एक गेम करत होतो. पडद्यावर पेशंटचा हात दिसायचा, त्वचा बघून काय झालंय ते ओळखायचं. माझ्याकडे पुरळांचं काम होतं. त्वचेच्या चित्रावर, म्हणजे टेक्स्चरवर, पुरळाचं पारदर्शक चित्र चढवायचं. हात एकच, वर हवं ते पुरळ.

पण प्रत्येक पुरळाभोवती बारीक काळी कड यायची. मूळ चित्रात ती कुठेच नव्हती. चार दिवस मी कोड उलटापालटा करत होते.

रविवारी सकाळी लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघरात बसले होते. माझ्यासोबत राहणारी ताई साताऱ्याची, हॉस्पिटलमध्ये नर्स. चहाचा कप घेऊन ती माझ्या मागे येऊन उभी राहिली.

"हे काळं काय गं? असा पेशंट आला तर मी आधी डॉक्टरांना बोलावीन."

"तेच शोधतेय. चित्रात काळा रंगच नाहीये."

"नाही कसा? मला तर दिसतोय."

मग मी पहिल्यांदाच पारदर्शकपणा बंद करून ते चित्र उघडलं. पुरळाभोवतीचा सगळा भाग काळाकुट्ट. पूर्ण पारदर्शक ठिपक्यालाही, म्हणजे पिक्सेललाही, रंग असतो, तो फक्त दाखवला जात नाही, हे मला तेव्हा कळलं. चित्र लहानमोठं करताना गेमचं इंजिन शेजारशेजारचे ठिपके मिसळतं आणि तो लपलेला काळा कडेला उतरतो. मी त्या न दिसणाऱ्या भागात पुरळाचाच गुलाबी भरला. कड गेली. मला इतकी गंमत वाटली, की मुद्दाम तिथे हिरवा भरून पाहिला. हिरवी कड आली.

ताई हसली नाही. "हा हात गोऱ्या माणसाचा आहे. माझ्यासारख्या हातावर टाक बघू."

मी खालचं टेक्स्चर बदललं. सावळ्या हातावर ते गुलाबी पुरळ स्टिकरसारखं चिकटलं.

"आपल्याकडे लाली अशी दिसत नाही," ती म्हणाली. "जांभळट होतं, काळपट होतं. कधी नुसता फुगवटा, हाताला गरम लागतो. शिकताना मलाही सगळे फोटो गोऱ्यांचेच दाखवले होते. वॉर्डात पहिल्यांदा असं पुरळ ओळखायला चुकले मी."



सोमवारी दोन्ही हात शेजारी ठेवून मी बॉसला दाखवले. "हे आम्हाला सुचलंच नाही," तो म्हणाला आणि काम दोन महिने लांबवलं. प्रत्येक पुरळ आम्ही वेगवेगळ्या त्वचांसाठी नव्याने रंगवलं. तपासायला शनिवारी ताई यायची, सोबत तिच्या वॉर्डातली, सामोआ बेटांवरची एक नर्सही. निम्मी चित्रं त्या दोघींनी पुन्हा रंगवायला परत पाठवली.