समजा, पूल उडाला

आमच्या मोठ्या मुलीचा मॅट्रिकचा गणिताचा पेपर लढाईत बुडाला. असं सांगितलं की लोक हसतात. चाकणला कसली लढाई, म्हणतात. म्हणून घडलं ते क्रमानं लिहितो.

मी चाकणच्या कांदा बाजारात मापाडी. आमचं गाव चाकणहून पुण्याकडे येताना इंद्रायणीच्या अलीकडे, पुलापासून पाऊण मैलावर. परीक्षेचं केंद्र पुण्यात होतं. पेपर अकराला सुरू, साडेअकरानंतर दार बंद. गावातून आठची एस.टी. धरली की साडेनऊच्या आत पुण्यात पोचता येई. पहिले तीन पेपर तिनं तसेच दिले. मी सोबत जायचो आणि झाडाखाली बसून राहायचो. ती पास झाली असती तर जूनमध्ये ट्रेनिंग कॉलेजात तिला जागा मिळणार होती. आमच्या भावकीत तोवर कोणाची मुलगी सातवीच्या पुढे गेली नव्हती.

गणिताच्या पेपरच्या दोन दिवस आधी लष्कराचा एक अधिकारी चावडीवर आला. नकाशा पसरून तो म्हणाला, "समजा, एका देशात यादवी माजली आहे. बंडखोरांनी हा रस्ता आणि इंद्रायणीचा पूल घेतला आहे. रस्ता गेला म्हणजे पलीकडच्या फौजेची रसद तुटली. तेव्हा सरकारी फौज तो लढून परत घेणार. हा सराव आहे, गोळ्या खोट्या. घाबरू नका."

एका म्हाताऱ्यानं विचारलं, "बंडवालं कोन व्हनार, सायेब?"

"आमचेच जवान."

"आन् सरकार?"

"तेही आमचेच."

"मंग घरातलंच भांडान हाय की! आमच्याकडं रोजच असतंय."

चावडी हसली. मी हसलो नाही. मी विचारलं, "रस्ता कधी सुटेल?" त्यानं कागद पाहिला. पहाटे पाचला हल्ला, सातला पूल ताब्यात, साडेसातला वाहतूक सुरू. पाच, सात, साडेसात. मी आकडे पेन्सिलीनं उतरवून घेतले.

घरी बायको म्हणाली, "अवो, आदल्या दिशीच तिला चिंचवडला माझ्या भावाकडं नेऊन सोडा. सकाळी रेल्वेनं जाईल पुन्याला."

"कशाला? कागदावर वेळ दिलेली आहे."

"कागद काय घिऊन बसलात? लडाई हाय ती."

"खोटी आहे."

"खोटी आसली म्हून येळंवर संपती व्हय?"

मी तिला वेड्यात काढलं. आज हे लिहिताना स्वतःच्या मुस्काटात मारावीशी वाटते.

आदल्या दिवशी दिवस कलताना पाचजण दारात आले. दंडाला हिरवं फडकं, म्हणजे बंडवाले. बोलण्यावरून साताऱ्याकडचे. पाणी मागितलं. आमच्याकडे दारात आलेल्याला नुसतं पाणी देत नाहीत. भाकरी, ठेचा, कांद्याची पात दिली. सरकारी बाजूचे ट्रक दुपारीच गावच्या कांद्याच्या वाफ्यांतून कुणाला न विचारता गेले होते. त्यामुळे सगळं गाव आधीच बंडवाल्यांचं झालं होतं.

त्यांच्यातला मिशीवाला नाईक म्हणाला, "जेवून घेतो, मामा. उद्या सात वाजता आमचा पराभव हाय. साहेबानं टाइमसुद्धा ठरवून दिलाय."

"लढायच्या आधीच?"

"दर वर्षी असंच. आमी पडायचं, त्यांनी झेंडा लावायचा."

मला त्या माणसांची कीव आली, आणि ट्रकांचा राग होताच. मी काठीनं मातीत ओढा काढून दाखवला. गुरं न्यायची वाट आहे, नदीपासून सोळाशे पावलं. रस्त्यावरून दिसत नाही आणि वर आलात की थेट रस्त्यावरच्या फौजेच्या पाठीमागे निघता. पावलं मी स्वतः मोजलेली होती, हेही फुशारकीनं सांगितलं. नाईकानं नकाशावर खूण केली. हाच ओढा उद्या माझ्या मुलीच्या आडवा येईल, हा विचार माझ्या डोक्याला शिवला नाही. सात म्हणजे सात, असं मी धरून चाललो होतो.

सकाळी फटाक्यांसारखे बार सुरू झाले. सात वाजले. साडेसात. आठ. एस.टी. चाकणकडेच अडवून ठेवलेली. सव्वाआठला मुलगी म्हणाली, "आबा, चला, पुलापर्यंत तरी जाऊ." तिनं दौत फडक्यात बांधून घेतली होती.

पुलाच्या तोंडाशी पहारा. कठड्याला पुठ्ठा टांगलेला: पूल उडाला. दंडाला पांढरी पट्टी बांधलेला एक पंच अधिकारी खुर्चीवर बसून चहा पीत होता.

"साहेब, मुलीचा पेपर आहे. पलीकडे जाऊ द्या."

"पूल उडालेला आहे."

"हा काय, उभा आहे!"

"अहो, समजा ना उडाला. सरकारी फौजेचा हल्ला फसला. बंडखोर ओढ्यातून मागून आले आणि अर्धी तुकडी कापली. आता अकराला पुन्हा हल्ला होईल. तोवर कोणीही जायचं नाही."

"कागदावर सात होतं!"

"युद्धात असं होतं."

माझा आवाज चढला तसे दोन शिपाई पुढे आले. एक तास मी तिथे विनवण्या केल्या, शिव्याही दिल्या. चहा पिऊन झाल्यावर त्यानं दुसरा मागवला.

शेवटी मुलगी नदीत उतरली, तिच्यामागे मी. गुडघाभर पाणी होतं. पलीकडच्या काठावर तो मिशीवाला नाईक भेटला. तोंडभर हसून म्हणाला, "मामा, तुमच्या ओढ्यानं कमाल केली! साहेब लाल झालाय नुसता." मुलीनं माझ्याकडे पाहिलं. "कुठला ओढा, आबा?"

मी धोतराचा सोगा पिळू लागलो. नाईकाला तिच्या हातातली दौत दिसली, माझं तोंड दिसलं. त्याचं हसू गेलं. "पेपर हाय व्हय ताईचा?" म्हणत तो आमच्या पुढे पळत गेला आणि रस्त्यावरचा पहारा बाजूला केला. पण पुढे वाहनच नव्हतं. भोसरीपर्यंत चालत गेलो. तिथे एक मालट्रक मिळाला. केंद्रावर पोचलो तेव्हा बाराला दहा कमी होते. वीस मिनिटं उशीर.

दारावरच्या मास्तरांना मी सगळं सांगितलं. यादवी, पूल, नदी. ते म्हणाले, "काहीतरी खरं कारण सांगा हो." मुलीच्या परकराच्या कडेला नदीची माती लागली होती, तीही त्यांनी पाहिली नाही.

रस्ता त्या दिवशी दुपारी एकला परत घेतला म्हणे. पुढे गावाला आभाराचं पत्र आलं, सराव यशस्वी झाला म्हणून. ते चावडीवर वाचून दाखवलं तेव्हा मी उठून बाहेर आलो.

ती ऑक्टोबरला बसली आणि पास झाली. जूनची जागा मात्र गेली होती, आणि वर्षभरात स्थळ आलं. त्या ऑक्टोबरला पेपरच्या पाच दिवस आधीच आईनं तिला चिंचवडला नेऊन सोडलं होतं. मला विचारलंही नाही. माहेरी आली की अजूनही ती परतीच्या गाडीची वेळ आईला विचारते. तिच्या आईला घड्याळ कळत नाही.